झाडाचं नाव ठरतं कसं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर आणि रस्त्यांच्या कडेला सोन्याचे ढीग लागतात. त्यातली बरीचशी पानं आपट्याची नसतात, कांचनाची असतात. दोन्ही पानं मधोमध दुभंगलेली, त्यामुळे घाईत कुणी बघत नाही. नीट पाहिलं तर आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर असतं. कांचनाचं मोठं आणि मऊ. फुलं आल्यावर तर वादच उरत नाही. आपट्याची बारीक आणि पिवळट पांढरी, कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी. सोनं म्हणून वाटायला दोन्ही चालून जातात. ओरबाडल्या गेलेल्या कांचनाचं सोडलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

कळलावीच्या बाबतीत बिघडतं. पावसाळ्यात झुडपांवर चढणारी, लाल-पिवळ्या उलट्या वळलेल्या पाकळ्यांची ही वेल फुललेली असताना कुणीही ओळखेल. पण फूल नसताना नुसता कंद हातात आला, तर तो खायच्या कंदासारखा वाटतो आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. त्यात कॉल्चिसीन नावाचं विष असतं. हेच कॉल्चिसीन अगदी मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गाउट या सांध्यांच्या आजारावर दिलं जातं.

तेव्हा वनस्पती कशावर गुणकारी, हे सांगण्याआधी ती नेमकी कोणती, हे सांगावं लागतं. व्हॉट्सअॅपवर रोज फिरणाऱ्या ‘या पानाचा रस अनशापोटी’ छापाच्या संदेशांत गुण सगळे ठासून भरलेले असतात आणि वनस्पतीची ओळख एका धूसर फोटोवर सोपवलेली असते. त्या राहून गेलेल्या भागाला वर्गीकरणशास्त्र म्हणतात. ते रुक्ष समजलं जातं. मला तसं वाटत नाही.

बोलीभाषेतली नावं उत्तम असतात, पण ती फार लांब जात नाहीत. टाकळ्याला विदर्भात तरोटा म्हणतात. फोडशी, कोळी, कुलू ही एकाच भाजीची नावं तालुक्यागणिक बदलतात. याच्या उलट, ‘शंखपुष्पी’ मागितली तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी झाडं हातात पडतात. काही ठिकाणी चक्क गोकर्ण. कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये यावर जो तोडगा सर्वत्र लावला तो आजही चालू आहे: प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातेवाइकांच्या गटाचा. दुसरा त्या एका जातीचा. आपटा हा बौहिनिया रेसिमोसा, कांचन बौहिनिया पर्प्युरिया. पहिला शब्द सारखा, म्हणजे ही दोघं भावंडं आहेत, हे नावातच आलं. मंडईतला गोंधळ अगदीच बिनबुडाचा नाही.

लिनियसने वर्गीकरणासाठी फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजले. त्याची मोजण्याची पद्धत पुढे मागे पडली, पण फुलाकडे बघायचं हे टिकलं. पान बेभरवशाचं असतं. सावलीत मोठं, उन्हात लहान, रोपट्यावर एक आकार आणि मोठ्या झाडावर दुसरा. फुलाची रचना मात्र सहसा एवढ्यातेवढ्याने बदलत नाही, कारण ती परागीभवनाशी आणि पर्यायाने पुढच्या पिढीशी बांधलेली असते. पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, बीजाशय पाकळ्यांच्या वर की खाली, पुंकेसर किती आणि कशाला चिकटलेले, अशा खुणांवरून जातींच्या प्रजाती, प्रजातींची कुळं लावली जातात.

आणि कुळ कळलं की त्या झाडाबद्दल बरंच काही आधीच कळतं. जूनच्या सुरुवातीला मंडईत येणारी शेवळं घ्या. मातीतून थेट वर येणारे हे तपकिरी-जांभळट कोंब भाजी म्हणून घेणारे ते काकड या आंबट फळांसोबत, नाहीतर चिंच-आमसूल घालून, चांगले शिजवतात; नाहीतर घसा खाजतो. अळूलाही चिंच लागते. सुरणालाही. तिघांची चव, रूप, हंगाम यात काही साम्य नाही, पण तिघांचं कुळ एकच: अरेसी, म्हणजे आपलं सुरणकुळ. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि तेच तोंडात टोचतात. आजीला कुळाचं नाव ठाऊक नव्हतं. तिने प्रत्येक भाजीची खाज वेगवेगळी शिकून घेतली होती. शास्त्र एवढंच म्हणतं की या कुळातली चौथी, अनोळखी वनस्पती समोर आली तर तीही खाजेल असं धरून चाला.

कुळांची मांडणी मात्र दगडावरची रेघ नाही. जुन्या वनस्पतीकोशांत कांदा, शतावरी, मुसळी आणि कळलावी ही सगळी मंडळी लिलिएसी या एकाच मोठ्या कुळात कोंबलेली दिसतील. सहा पाकळ्यांसारखे भाग, सहा पुंकेसर, जमिनीत कंद किंवा मुळ्या: दिसायला ठीक होतं. पुढे डीएनए वाचता यायला लागला आणि १९९८ पासून एपीजी नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने फुलझाडांची कुळं नात्याप्रमाणे नव्याने लावायला घेतली. लिलिएसी फुटलं. कांदा-लसूण एका कुळात गेले, शतावरी आणि मुसळी दुसऱ्यात, आणि कळलावी कॉल्चिकेसी या छोट्या कुळात. हे कुळ कॉल्चिसीनसाठीच प्रसिद्ध आहे. कांद्याच्या पंक्तीत बसलेलं विषारी झाड आपल्या खऱ्या भाऊबंदांत जाऊन बसलं. मला वर्गीकरणातली ही सगळ्यांत समाधानकारक गोष्ट वाटते.

कोरेगाव पार्कातली कपाटं

एखादं झाड अमुक जातीचं आहे, हे ठरवायचं कशाच्या आधारावर? पुस्तकातलं वर्णन अपुरं पडतं आणि चित्रात चित्रकाराची नजर येते. शेवटचा शब्द असतो तो वाळवलेल्या नमुन्याचा. असे नमुने जपून ठेवण्याच्या जागेला हर्बेरियम म्हणतात आणि पुण्यात अशी दोन महत्त्वाची ठिकाणं आहेत. एक भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, १९५५ मध्ये सुरू झालेलं, कोरेगाव पार्कात. दुसरं आघारकर संशोधन संस्थेतलं. ही संस्था म्हणजे १९४६ ची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी; पुढे तिला संस्थापक-संचालक, वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव दिलं गेलं. संस्था आहे गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर, त्यामुळे आघारकर आणि आगरकर एकच असं समजणारे पुणेकर पुष्कळ आहेत. चुकीच्या ओळखीवरच्या लेखात एवढा उल्लेख हवाच.

नमुना करायची रीत दीडदोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही. फुला-फळासकट फांदी घ्यायची, वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे खालची बाजूही दिसेल. मग लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत दाबून पट्टे आवळायचे आणि कागद बदलत राहायचं. पावसाळ्यात हे बदलणं चुकलं की बुरशी आलीच, आणि आपल्याकडची निम्मी फुलं नेमकी पावसाळ्यात येतात. वाळलेली फांदी जाड कागदावर चिकटवून किंवा टाके घालून बसवतात आणि कोपऱ्यात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा अनुक्रमांक, उंची, फुलाचा रंग, चीक होता का, वास कसा होता, स्थानिक नाव, लोक कशासाठी वापरतात. वाळल्यावर रंग उडतो आणि वास जातो, म्हणून हे जागेवरच लिहावं लागतं. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसतं सुकं गवत.

नवी जात जाहीर करताना एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून नेमून द्यावा लागतो. त्याला टाइप म्हणतात. जमिनीचा वाद जसा शेवटी सातबाऱ्यापाशी येतो, तसा नावाचा प्रत्येक वाद शेवटी टाइपपाशी येतो. फेरफार कितीही होवोत, जुनी नोंद खोडली जात नाही. कोणतं नाव कधी कुणी लावलं आणि ते कशात विलीन झालं, हे उलटं शोधत जाता येतं.

नोंदीचा उपयोग कसा होतो, याचं पुण्याचंच एक उदाहरण आहे आणि ते फार कौतुकाचं नाही. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते भारतात मोकाट वाढताना दिसल्याची प्रसिद्ध नोंद पुण्याची आहे. सर्वेक्षणाच्या रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५५ मध्ये ते इथे पाहिलं आणि पुढच्या वर्षी भारतासाठी नवी वनस्पती म्हणून छापलं. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण भारताचा त्या योजनेखालचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमधला. शिवाय विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ साली छापलेल्या कलकत्त्याच्या बागेतल्या वनस्पतींच्या यादीत हे नाव आधीच आहे. गव्हाबरोबर त्याचं बी आणखी आलंही असेल, त्याने पसाराही वाढला असेल. पण ‘तेव्हाच पहिल्यांदा आलं’ हे कागद मान्य करत नाही. तारखा लिहून ठेवल्या नसत्या तर ही दंतकथा तपासताच आली नसती.

नावं बदलतात कशाला?

हा प्रश्न सगळ्यांना छळतो. पाठ केलेलं नाव दहा वर्षांनी जुनं ठरतं. त्यासाठी जुन्नरपर्यंत जाऊ.

पुण्याजवळ दापोडीला १८२८ पासून एक सरकारी वनस्पती उद्यान होतं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे बरीच वर्षं प्रमुख होते. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्यांच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग होती. दापोडीत त्यांनी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून झाडांची सुंदर रंगीत चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि चित्रकाराचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. गिब्सन आणि निकोलस डाल्झेल या दोघांनी मिळून १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला. त्याच दशकात डाल्झेल यांनी जुन्नर भागातल्या एका विलक्षण झुडपाचं वर्णन केलं: कड्याच्या कपारीत लोंबणाऱ्या मांसल फांद्या, आणि गर्द लाल-किरमिजी, पिवळे ठिपके असलेली चांदणीसारखी फुलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून त्याला नाव मिळालं फ्रेरिया इंडिका. आपण त्याला शिंदळ माकुडी म्हणतो. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या कड्यांवर ते जगतं.

डाल्झेल यांना ते इतकं वेगळं वाटलं की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच केली. या गटातल्या इतर मांसल झुडपांना नीट पानं नसतात. याला पावसाळ्यात चांगली पानं येतात आणि कोरड्यात गळतात. पुढे फुलाची रचना बारकाईने पाहणाऱ्यांचं म्हणणं पडलं की पानं सोडली तर हे कॅरालुमा या प्रजातीतलंच आहे. म्हणून १९५८ मध्ये ते कॅरालुमात गेलं. पण तिथे ‘इंडिका’ नावाची दुसरी वनस्पती आधीच होती आणि एका प्रजातीत एकच जातिनाम दोघांना देता येत नाही, म्हणून ते कॅरालुमा फ्रेरी झालं. मग बौसेरोसिया फ्रेरी. २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे काही अभ्यासकांनी हा सगळाच गट सेरोपेजियात, म्हणजे आपल्या खरपुडीच्या प्रजातीत घालायचा प्रस्ताव मांडला आणि नाव झालं सेरोपेजिया फ्रेरी. सगळ्यांना तो पटलेला नाही. कड्यावरचं झुडूप तेच आहे. त्याचे नातेवाईक कोण, याचं आपलं उत्तर बदलतंय. वैज्ञानिक नाव ही नुसती पाटी नसते, त्यात नात्याबद्दलचं एक विधान असतं आणि विधान खोटं ठरू शकतं.

बाभळीचा किस्सा वेगळा, त्यात राजकारणही आहे. बाभूळ ज्या प्रजातीत होती त्या ‘अकेशिया’तल्या जगभरच्या जाती एका वंशाच्या नाहीत, ती प्रजाती फोडायला हवी, हे ठरलं. मग मूळ नाव कुणी ठेवायचं? ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या घरात, म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेत नाव त्यांच्याकडे गेलं आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया. टेकड्यांवर लावलेला परदेशी ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ मात्र अकेशियाच राहिला! आफ्रिकेतल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी यावरून बरीच आदळआपट केली, आणि ती मला रास्त वाटते.

औषधापर्यंतची वाट

सर्पगंधाच्या मुळ्या वैद्य पूर्वीपासून वापरत होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. इथे जातीची अचूक ओळख नसती तर दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेला त्याच झाडावर काम करताच आलं नसतं.

नरक्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींना रोखतं. त्याच्यावरून बेतलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं आज वापरात आहेत. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर सापडलं. गंमत अशी की ही दोन झाडं जवळची नातेवाईक नाहीत. म्हणजे सुरणकुळाबाबत जो नियम सांगितला त्याला अपवाद आहेत. कुळ चांगला अंदाज देतं, हमी देत नाही. आणखी एक अडचण: जुन्या शोधनिबंधांत नरक्या ‘मॅपिया फीटिडा’ या नावाने आहे, नव्यांत ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’. एकाच नावाने शोधलं तर अर्धं संशोधन हुकतं. शोध लागल्यावर झाडाचं जे व्हायचं ते झालंच. लाकूड आणि मुळांसाठी सबंध झाडं तोडून पोत्यांनी माल बाहेर गेला.

बाजारात ओळखीचा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण तिथे फूल नसतं, पानही नसतं. असते साल, मूळ किंवा भुकटी. सीतेच्या अशोकाच्या सालीत रस्त्याकडेच्या उंच, सरळ ‘खोट्या अशोका’ची साल मिसळल्याचं वारंवार आढळलं आहे. दोघांचं नावाखेरीज काही नातं नाही. अशा भुकटीची ओळख आता डीएनए बारकोडिंगने करता येते: ठरावीक जनुकांचे छोटे तुकडे वाचायचे आणि खात्रीच्या नमुन्यांशी जुळवायचे. वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांची जोडी २००९ मध्ये सुचवली गेली. पण जुळवायला खात्रीचा नमुना लागतोच. तो चुकीच्या नावाने ठेवलेला असेल तर यंत्र तीच चूक इमानेइतबारे परत करतं.

टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तळजाई आणि वेताळ टेकडीवर जी दाट हिरवाई दिसते, तिच्यात गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाचा, वाटा मोठा आहे. हे झाड मध्य अमेरिकेतलं, मुद्दाम लावलेलं. पुण्याच्या टेकड्यांचं मूळ रूप उघडं माळरान, काटेरी झुडपं आणि गणेर, सालई, मोई, मेडशिंगी, हिवर अशी विखुरलेली झाडं. उन्हाळ्यात ते ओसाड दिसतं म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो. पण गवतातले छोटे कंद, नीलवंती, निरनिराळ्या खरपुड्या यांना ऊनच हवं असतं. दाट जंगलाचं मूळ रूप पाहायचं तर मुळशी, वेल्हे, भोरकडच्या देवरायांत जावं. आघारकर संस्थेचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांची पद्धतशीर नोंद सुरू केली, तेव्हा आजूबाजूचं जंगल संपलेल्या ठिकाणीही जुनी झाडं आणि महावेली तिथे टिकून असल्याचं दिसलं.

स्वतः ओळखायला सुरुवात करायची असेल तर फोन पुरतो. फक्त फुलाचा जवळून एक फोटो काढून भागत नाही. अख्खं झाड, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दिसेल अशी फांदी, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ असल्यास तेही. सोबत तारीख आणि जागा. देठ मोडून चीक येतो का पाहण्याचा मोह रुई आणि शेरासारख्यांजवळ आवरा, तो डोळ्यांत गेला तर महागात पडतं. कंद उपटू नका. अॅपने सांगितलेलं नाव अंदाज म्हणून घ्या, आणि प्रश्न खाण्याचा असेल तर तो अंदाज अजिबात धरू नका. ती भाजी वर्षानुवर्षं खुडणाऱ्या माणसाला झाड दाखवा. फूल नसेल तर नाव ठरत नाही, पुढच्या महिन्यात परत जावं लागतं. कारवी असेल तर सात-आठ वर्षं.